भग्न कोरीव लेखांचे संगणकीय संधान : भीमाखोऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

तुटलेल्या प्राचीन कोरीव लेखांचे तुकडे संगणकीय प्रतिमा-विश्लेषणाच्या साहाय्याने जुळविण्याचे प्रयत्न गेल्या पंचवीस वर्षांत जगात अनेक ठिकाणी झाले. रोम, अथेन्स, कैरो व बॅबिलोन येथील सामग्रीवर घडलेल्या या पद्धती कोणत्या गृहीतकांवर उभ्या आहेत आणि ती गृहीतके भीमेच्या खोऱ्यातील शिलालेखांना कितपत लागू पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. संगणक शक्य सांधे सुचवू शकतो. सांधा सिद्ध होतो तो मूळ दगडावर आणि त्याच्या विश्वसनीय नोंदीवर. आपल्याकडे उणीव आहे ती या नोंदीची, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शिलालेख, भग्नखंड, सांधा, प्रतिमा-विश्लेषण, पाठपूर्ती, भीमाखोरे

१. प्रस्तावना

पुराभिलेखविद्येचा अभ्यासक ज्या साधनावर काम करतो ते साधन क्वचितच अखंड अवस्थेत त्याच्या हाती येते. दगड फुटतो, झिजतो, घरांच्या व मंदिरांच्या भिंतींत जातो. ताम्रपटाच्या कडीतून एखादा पत्रा निसटतो आणि उरलेल्या पत्र्यांवरील दानाचा मजकूर अर्धवट राहतो. अशा भग्न साधनांतून मूळ लेख उभा करणे हे आजवर तज्ज्ञाच्या नजरेचे, स्मरणशक्तीचे आणि चिकाटीचे काम होते. या कामात संगणकाची मदत घेता येईल, ही कल्पना आज प्रयोगाच्या पायरीवरून पुढे गेली आहे. त्यामुळे महाविद्यालयीन स्तरावर इतिहास, मराठी, भूगोल आणि संगणकशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी तिची दखल घेणे क्रमप्राप्त ठरते.

दखल घेणे म्हणजे स्वागत करून थांबणे नव्हे. कोणतीही पद्धती ज्या सामग्रीवर घडते त्या सामग्रीचे गुणधर्म ती आपल्यासोबत घेऊन येते. संगमरवर, चिकणमातीच्या विटा आणि कागद यांवर यशस्वी झालेली पद्धती दख्खनच्या काळ्या पाषाणावर तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांचा परिसर आणि तेथून पुढे पंढरपूर, कुडल, सन्नती असा भीमेचा प्रवाह समोर ठेवून या पद्धतींचे मूल्यमापन करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. हा प्रवाह निवडण्याचे कारण असे की, लेखांच्या नाशाचे बहुतेक सर्व प्रकार या एकाच नदीकाठी पाहावयास मिळतात.

२. पद्धतींचे तीन मार्ग

संगणकाच्या साहाय्याने भग्न लेख जुळविण्याच्या प्रयत्नांचे स्थूलमानाने तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग तुकड्याच्या कडेवरून शेजारचा तुकडा शोधण्याचा, दुसरा अक्षरांच्या वळणावरून लेख कोरणारा किंवा लिहिणारा हात ओळखण्याचा आणि तिसरा मजकुरावरून गहाळ भाग ओळखण्याचा आहे. यांतील पहिले दोन मार्ग काटेकोर अर्थाने प्रतिमा-विश्लेषणाचे आहेत. तिसरा भाषेचा असला तरी प्रत्यक्ष कामात तिन्ही एकमेकांत मिसळतात. प्रत्येक मार्ग वेगळ्या प्रकारचा पुरावा वापरतो, म्हणून प्रत्येकाची चिकित्सा स्वतंत्रपणे करणे इष्ट होय.

३. कडेचा पुरावा

पहिल्या मार्गाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे रोम शहराचा संगमरवरी नकाशा. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाच्या काळात सुमारे १८ मीटर रुंद व १३ मीटर उंच अशा भिंतीवर हा नकाशा कोरला गेला होता. त्यावर इमारतींच्या रेषाकृतींबरोबर काही वास्तूंची नावेही कोरलेली होती. आज त्याचे १,१८६ तुकडे उपलब्ध असून ते मूळ नकाशाचा फारच थोडा अंश, सुमारे दहा ते पंधरा टक्के, आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या गटाने १९९९ मध्ये या तुकड्यांच्या त्रिमितीय प्रतिमा घेतल्या. पुढे डेव्हिड कोलर व लेव्हॉय यांनी त्यांतून काही नवे सांधे प्रसिद्ध केले.

या प्रकल्पाचा खरा धडा मात्र बऱ्याचदा दुर्लक्षिला जातो. केवळ कडेच्या आकारावर विसंबून काम भागले नाही. पृष्ठभागावरील कोरीव रेषा एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ जातात काय, फरशीची जाडी सारखी आहे काय, संगमरवरातील शिरांची दिशा जुळते काय आणि फरशी भिंतीला बसविण्यासाठी पाडलेली छिद्रे कोठे येतात, अशा अनेक खुणा एकत्र वापराव्या लागल्या. ज्या खुणा कुशल अभ्यासक डोळ्यांनी पाहतो त्याच खुणा संगणकाला मोजावयास दिल्या गेल्या.

कडेच्या पुराव्यात एक गणिती अडचणही आहे. १,१८६ तुकड्यांतून दोन-दोनच्या ७,०२,७०५ जोड्या संभवतात. समजा, न जुळणाऱ्या हजार जोड्यांपैकी केवळ एक जोडी चुकून जुळणारी म्हणून पुढे करणारी, म्हणजे बरीच अचूक, पद्धती आपल्या हाती आहे. तरीही तिने दाखविलेल्या खोट्या सांध्यांची संख्या सुमारे सातशे भरेल. नकाशाचा बहुतांश भाग नष्ट झालेला असल्याने अनेक तुकड्यांना शेजारी उरलेलाच नाही. तेव्हा खऱ्या सांध्यांची संख्या खोट्यांपेक्षा कमी भरण्याचा संभव मोठा. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पद्धतीची अचूकता शेकड्यात सांगितली म्हणजे तिने सुचविलेला एखादा विशिष्ट सांधा तितक्या शेकड्याने खरा असतो, असे नाही. तुकडे जितके अधिक आणि उरलेला अंश जितका थोडा, तितका प्रत्येक सुचविलेल्या सांध्याविषयीचा संशय अधिक बाळगला पाहिजे. तंत्रज्ञानविषयक वृत्तांतांत हा भेद सहसा सांगितला जात नाही.

४. हाताचा पुरावा

दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण अथेन्सचे आहे. प्राचीन ग्रीक शिलालेखांतील कोरणाऱ्यांचे हात ओळखण्याचे काम स्टीव्हन ट्रेसी यांनी अनेक वर्षे डोळ्यांनी केले. अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठातील पापाओडिसिअस व पानागोपुलोस यांच्या गटाने २००९ च्या सुमारास २४ लेखांच्या छायाचित्रांवर संगणकीय चाचणी प्रसिद्ध केली. एकेका अक्षराच्या अनेक आकृत्यांवरून त्या हाताचा आदर्श आकार काढून केलेल्या या चाचणीत सर्व लेख सहा कोरणाऱ्यांत योग्य रीतीने विभागले गेले. दोन तुकडे एकाच हाताचे आहेत असे कळले, तर त्यांच्या कडा झिजल्या असल्या तरी ते एका लेखाचे असण्याची शक्यता तपासता येते. कैरो येथील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या गेनिझात सापडलेली हस्तलिखित पाने आज जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेली आहेत. त्यांच्या बाबतीत तेल अवीव विद्यापीठाच्या लिओर वोल्फ यांच्या गटाने हस्ताक्षर, ओळींमधील अंतर आणि पानाचे स्वरूप यांवरून एकाच ग्रंथाची पाने सुचविण्याचा यशस्वी प्रयत्न केला. अंतिम निर्णय तेथेही हस्तलिखितांच्या जाणकारांनीच दिला.

हे यश निर्विवाद आहे. परंतु ते आपल्याकडे आणताना तीन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न लिपीचा. प्राचीन ग्रीक लेखांतील अक्षरे सुटी असतात, ब्राह्मीतीलही बहुतांशी सुटी असतात. यादवकालीन मराठी लेखांची देवनागरी मात्र शिरोरेषेने जोडलेली, काना-मात्रांनी व जोडाक्षरांनी गुंतलेली असते. एक अक्षर कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, हे ठरविल्याशिवाय त्याचा आदर्श आकार काढता येत नाही, आणि झिजलेल्या दगडावर हेच ठरविणे सर्वांत कठीण असते.

दुसरा प्रश्न ‘हात’ म्हणजे कोणाचा हात, हा आहे. आपल्या ताम्रपटांत लेख लिहिणारा आणि तो कोरणारा यांची नावे कित्येकदा वेगवेगळी येतात. लेखकाने आखून दिलेल्या अक्षरांवर कोरणाऱ्याने छिन्नी चालविली असेल, तर अक्षराचे वळण एकाचे आणि खाचेची खोली व कोन दुसऱ्याचा. सपाट छायाचित्रावरून वळण कळते, खाच कळत नाही. म्हणून एका हाताचा निर्णय देण्यापूर्वी आपण काय मोजत आहोत, हे स्पष्ट केले पाहिजे.

तिसरा प्रश्न पूर्वतयारीचा. अथेन्सची चाचणी यशस्वी ठरली कारण ट्रेसींचे दीर्घ काम तिच्या पाठीशी होते. संगणकाचे उत्तर ज्याच्याशी ताडून पाहावयाचे असे तज्ज्ञाचे उत्तर आधीच उपलब्ध होते. दख्खनच्या शिलालेखांत कोरणाऱ्यांच्या हातांचा असा व्यापक संग्रह आपण सिद्ध केलेला नाही. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ मध्ये पुणे विद्यापीठातर्फे सिद्ध करून पाठाचा भक्कम पाया घातला. अक्षरवळणांच्या पद्धतशीर संग्रहाचा पाया अद्याप घालावयाचा आहे.

५. पाठाचा पुरावा

तिसऱ्या मार्गाने अलीकडे सर्वाधिक लक्ष वेधले आहे. म्युनिक विद्यापीठात एन्रिके खिमेनेस यांच्या मार्गदर्शनाखाली २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात बॅबिलोनी मातीच्या विटांवरील मजकूर संगणकात भरून एका तुकड्यावरील शब्दक्रम इतर तुकड्यांतील शब्दक्रमांशी ताडला जातो. मार्च २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ‘इथाका’ या प्रणालीचा वृत्तांत आला. ग्रीक लेखांतील गहाळ अक्षरे सुचविण्यात ती एकटी ६२ टक्के, इतिहासतज्ज्ञ एकटे २५ टक्के आणि तज्ज्ञ व प्रणाली मिळून ७२ टक्के अचूक ठरले. यंत्र आणि तज्ज्ञ यांचे एकत्रित काम दोघांच्या स्वतंत्र कामापेक्षा सरस ठरते, हा या चाचणीचा सर्वांत स्वीकारार्ह निष्कर्ष होय.

तथापि चाचणीचे स्वरूप पाहिले पाहिजे. अशा चाचणीत ज्ञात मजकुरातील काही अक्षरे मुद्दाम झाकली जातात व ती ओळखावयास सांगितली जातात. निसर्ग असा अक्षरे निवडून झाकत नाही. दगड कोपऱ्यावर फुटतो, हात व पाणी लागते तेथे झिजतो, ओळीच्या ओळी एकदम जातात. कृत्रिम तुटीवरचे यश प्रत्यक्ष तुटीवरच्या यशाचे माप ठरत नाही.

याहून मूलगामी आक्षेप पाठाच्या स्वरूपाविषयी आहे, आणि तो महाराष्ट्रातील एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होतो. सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा मिळाला. त्यानंतर ७४ वर्षांनी, १९५६ मध्ये, जवळच्या भुईगाव येथे नवव्या शासनाचा तुकडा सापडला. हे दोन तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत; त्यांच्या कडांवरून त्यांचे नाते कोणत्याही यंत्राला सांगता आले नसते. ते ओळखता आले ते गिरनार आदी ठिकाणी याच शासनांचे पाठ बऱ्याच अंशी सलग उपलब्ध होते म्हणून. अशोकाची शासने अनेक ठिकाणी कोरलेली असल्याने एका ठिकाणची तूट दुसऱ्या ठिकाणच्या पाठाने भरून काढता येते. बॅबिलोनी ग्रंथांच्याही अनेक प्रती झाल्या होत्या.

मध्ययुगीन दानलेखाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तो एकदाच आणि एकाच ठिकाणी कोरलेला असतो. त्यातील शक-संवत्सराची मांडणी, राजाची बिरुदे व शेवटचे शापवचन ही साचेबद्ध असतात; गावाचे नाव, दात्याचे नाव, जमिनीची सीमा व दानाची रक्कम ही त्या लेखाची स्वतःची असतात. यंत्र जे साचेबद्ध आहे ते उत्तम रीतीने पूर्ण करील, कारण ते त्याने इतरत्र शेकडो वेळा पाहिलेले असते. इतिहासकाराला हवे असते ते नेमके दुसरे. थोडक्यात, पाठपूर्तीची प्रणाली आपल्याला आधीच ठाऊक असलेले परत देते आणि जे ठाऊक नाही तेथे ठाऊक असल्यासारखे काही तरी सुचविते. गहाळ गावनावाच्या जागी सुचविलेले ‘संभाव्य’ नाव पुढे स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकेत ‘शिलालेखातील उल्लेख’ म्हणून उतरले, तर त्याची दुरुस्ती करणे किती कठीण जाते, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांस वेगळे सांगावयास नको.

६. भीमाखोऱ्यातील वस्तुस्थिती

वरील तिन्ही मार्गांची काही समान गृहीतके आहेत : तुकड्यांच्या कडा शाबूत असतात, कोरलेला पृष्ठभाग दृश्य असतो आणि तुकडे किंवा त्यांच्या प्रतिमा एके ठिकाणी उपलब्ध असतात. भीमेच्या काठाने ही गृहीतके तपासून पाहू.

इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील जुने गाव व पळसनाथाचे मंदिर उजनी धरणाच्या जलाशयात गेले. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून पाणी पुरेसे ओसरले की मंदिर, त्याची शिल्पे व परिसरातील वीरगळ उघडे पडतात, आणि पाऊस झाला की पुन्हा बुडतात. ओले होणे व वाळणे यांचे हे चक्र काळ्या पाषाणाच्या पृष्ठभागाला अपायकारक असते. बेसाल्टचा दगड मुळातच कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जाऊन गोलाई धारण करतो; भंगाची धारदार कड त्याच्यावर फार काळ टिकत नाही. आपल्याकडील बहुसंख्य वीरगळांवर लेख नसतो हे खरे. परंतु ज्यांच्यावर तो असतो किंवा असण्याचा संभव असतो त्यांची पट्टीच या क्रियेत प्रथम जाते.

नीरा व भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूर हे याच तालुक्यातील तीर्थक्षेत्र. तेथून भीमेने खाली गेले की पंढरपूर लागते. विठ्ठलमंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७, या काळातील असून त्यात मंदिरासाठी देणग्या देणाऱ्यांची नोंद आहे. या शिळेला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी श्रद्धा रूढ झाली आणि भाविकांच्या स्पर्शाने अक्षरे झिजली. येथे तुकडाही नाही आणि सांधाही नाही. नाश झाला आहे तो भक्तीने. अशा लेखाला कड जुळविणाऱ्या पद्धतीचा काही उपयोग नाही. प्रकाशाची दिशा बदलत घेतलेल्या अनेक छायाचित्रांवरून पृष्ठभागाचा उंचसखलपणा काढण्याची पद्धती मात्र उपयुक्त ठरू शकते. टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या तंत्रातून विकसित झालेली ही पद्धती आज साध्या कॅमेऱ्याने व एका दिव्याने वापरता येते. अक्षी येथील लेखाच्या शकाच्या आकड्यांवर अभ्यासकांत मतभेद झाले. असा आकड्यांचा वाद जेथे असेल तेथेही तिचा प्रथम अवलंब व्हावा.

आणखी खाली, भीमा व सीना यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल आहे. तेथील तुळईवरील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, चा मराठी लेख आनंद कुंभार यांच्या परिश्रमाने अभ्यासकांसमोर आला. मराठीच्या आद्य लेखांत गणला जाणारा हा लेख प्रकाशात आला तो गावोगाव फिरून दगड पाहणाऱ्या एका अभ्यासकामुळे. जो लेख कोणी पाहिलाच नाही तो कोणत्याही संगणकात जाऊ शकत नाही.

भीमा पुढे कर्नाटकात शिरते आणि कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीपाशी पोहोचते. तेथील चंद्रलांबा देवीच्या मंदिरसमूहातील कालीमंदिराचे छत कोसळल्यानंतर मूर्तीची बैठक म्हणून वापरलेली शिळा अशोकाच्या शासनांची असल्याचे आढळले. एका बाजूस बारावे व चौदावे शासन, दुसऱ्या बाजूस दोन स्वतंत्र कलिंग-शासने, आणि मध्यभागी मूर्ती बसविण्यासाठी पाडलेला चौकोनी गाळा! या गाळ्यातील अक्षरे फुटून बाजूस पडली नाहीत, ती छिन्नीने चूर्ण झाली. तुटलेल्या वस्तूचा प्रत्येक अंश कोठे तरी अस्तित्वात आहे, हे सांधापद्धतीचे मूळ गृहीतक येथे कोसळते. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपाची स्थिती वेगळी आहे. १९९० च्या दशकातील उत्खननात तेथे चुनखडीच्या शिल्पित व लेखयुक्त शिळा मोठ्या प्रमाणात मिळाल्या. जेथे एकाच वास्तूच्या शिळा मूळ जागीच कोसळलेल्या सापडतात तेथे रोमच्या नकाशावर घडलेली पद्धती खरोखर उपयोगी पडू शकते. म्हणजे पद्धती त्याज्य नाही. तिचे क्षेत्र ओळखले पाहिजे.

यांत आपल्या गावांतील दोन नित्याच्या गोष्टींची भर घालावी लागेल. एक म्हणजे दगडाला लावला जाणारा शेंदूर, चुना व ऑइल पेंट. थरांवर थर चढून अक्षरांच्या खाचा बुजतात आणि यंत्राला दिसतो तो रंगाचा पृष्ठभाग. दुसरी म्हणजे जुन्या दगडांचा नव्या बांधकामातील वापर. गवंडी दगड बसविताना त्याची कड घडवून घेतो. अशी घडविलेली कड भंगाची कड म्हणून मोजली, तर मोजमाप अचूक आणि निष्कर्ष निरर्थक, अशी स्थिती होईल.

७. सांध्याची प्रतवारी

या चर्चेतून एक पद्धतिविषयक सूचना पुढे येते. बॅबिलोनी विटांचे अभ्यासक प्रत्यक्ष चिकटणाऱ्या दोन तुकड्यांच्या क्रमांकांमध्ये अधिकचिन्ह घालतात, आणि तुकडे एकाच विटेचे असून एकमेकांना चिकटत नसतील तर ते चिन्ह कंसात घालतात. एवढ्या साध्या संकेताने पुराव्याची प्रत वाचकास कळते. तुटलेल्या मजकुराच्या संपादनासाठी १९३१ मध्ये लायडन येथे ठरलेले संकेतही याच जातीचे आहेत. संपादकाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात असल्याने दगडावरचे काय आणि संपादकाचे काय, हे वेगळे राहते.

संगणकीय सांध्यांसाठी आपल्याकडे पुढील चार प्रती मानाव्यात. पहिली प्रत प्रत्यक्ष सांध्याची : दोन तुकडे समोरासमोर आणून कड, जाडी व अक्षररेषा जुळल्याचे पाहिले आहे. दुसरी प्रत प्रतिमेवरील सांध्याची : त्रिमितीय प्रतिमेत तुकडे जुळतात, परंतु मूळ वस्तूंवर पडताळा झालेला नाही. तिसरी प्रत अप्रत्यक्ष संबंधाची : तुकडे चिकटत नाहीत, तथापि पाठ किंवा हात यांवरून एका लेखाचे अथवा लेखमालेचे ठरतात, सोपाऱ्याचे दोन तुकडे या प्रतीत येतील. चौथी प्रत केवळ सादृश्याची : यंत्राने सुचविले आहे, दुसरा स्वतंत्र पुरावा नाही. चौथ्या प्रतीच्या सांध्यावर कोणताही ऐतिहासिक निष्कर्ष उभारू नये. तसेच संगणकाने पूर्ण केलेली लेखाची प्रतिमा छापताना मूळ भाग व पूरित भाग स्पष्टपणे वेगळ्या छटेत दाखविणे बंधनकारक मानावे. वाक्यातील ‘संभवतः’ हा शब्द वाचकाच्या लक्षात राहील. चित्रात ‘संभवतः’ लिहिण्याची सोय नसते.

८. नोंदीचे महत्त्व आणि महाविद्यालयांचे कार्य

पुणे जिल्ह्यातीलच नाणेघाटाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा आणि वरची काही नावे एवढेच शिल्लक आहे. मधल्या काही नावांचा मागमूसही नाही. भिंतींवरील यज्ञ व दक्षिणा यांचा मोठा लेख ठिकठिकाणी उडालेला आहे. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी प्रसिद्ध केलेले पाठ म्हणूनच आज स्वतंत्र साधनाचे मोल धारण करतात. रोमच्या नकाशाच्या बाबतीतही हरवलेल्या काही तुकड्यांची माहिती प्रबोधनकाळातील चित्रांवरूनच मिळते. दगड नष्ट झाल्यावर नोंद हाच दगड होतो, आणि म्हैसूर येथे पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेत जतन केलेल्या हजारो ठशांचे महत्त्व यातच आहे.

हे काम करण्यास बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालये समर्थ आहेत, कारण त्यासाठी लागणारे भांडवल मुख्यत्वे माणसांचे आहे. प्रत्येक लेखयुक्त वा भग्न शिळेची सापडल्याची जागा, अक्षांश-रेखांश, मोजमापे, जाडी, मागील बाजू व सर्व कडांची मोजपट्टीसह छायाचित्रे, दिवा तिरपा धरून चारही दिशांनी घेतलेल्या पृष्ठभागाच्या प्रतिमा आणि गावकऱ्यांच्या आठवणीतील तिची पूर्वीची जागा, एवढ्या नोंदी केल्या तरी पुढील संशोधकास पुरे. उजनीकाठी यात पाण्याची पातळी व दिनांक यांची भर घालावी, म्हणजे कोणती शिळा कोणत्या पातळीला उघडी पडते हे कळेल. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ भरणे, शेंदूर खरवडणे आणि दगड उचलून महाविद्यालयात आणणे या तीन गोष्टी टाळाव्यात. पहिल्या दोहोंनी पृष्ठभाग दूषित होतो आणि तिसरीने दगडाचा संदर्भ तुटतो. शिवाय पुरावस्तूंच्या बाबतीत १९७२ चा पुरावशेष कायदा व संबंधित शासकीय विभाग यांचे भान ठेवणे आवश्यक आहे. ज्या दगडाला शेंदूर लावला जातो तो गावाचा देव असतो. गावाच्या संमतीवाचून त्याची साधी नोंदही होऊ नये.

हे कार्य आंतरविद्याशाखीय आहे. प्रतिमा घेण्यास संगणकशास्त्राचा, दगड ओळखण्यास भूविज्ञानाचा, पाठ वाचण्यास मराठी-संस्कृतचा आणि अर्थ लावण्यास इतिहासाचा अध्यापक लागतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी परदेशी तुकड्यांच्या तयार प्रतिमा देण्याऐवजी भीमाखोऱ्यातील प्रतिमांचा संग्रह सिद्ध करावयास दिला, तर दख्खनच्या पाषाणासाठी घडलेली पद्धती आपल्याकडूनच पुढे येऊ शकेल.

९. निष्कर्ष

संगणकीय प्रतिमा-विश्लेषणाने भग्न लेखांच्या अभ्यासात मोलाची भर घातली आहे. हजारो तुकड्यांतून पाहण्याजोग्या जोड्या निवडून काढणे हे काम ते माणसापेक्षा वेगाने करते. परंतु कडेचा पुरावा दगडाच्या जातीवर, हाताचा पुरावा लिपीच्या घडणीवर आणि पाठाचा पुरावा प्रतींच्या संख्येवर अवलंबून असतो. भीमाखोऱ्यात या तिन्ही बाबी पाश्चात्त्य सामग्रीहून भिन्न आहेत. येथे कडा गोल झाल्या आहेत वा घडविल्या गेल्या आहेत, अक्षरे जोडलेली व झिजलेली आहेत आणि दानलेख एकमेव आहेत. म्हणून यंत्राचे सुचविणे हा येथे संशोधनाचा आरंभ मानावा, शेवट मानू नये. तुकडे जुळविणारी प्रणाली आज ना उद्या अधिक सक्षम होईल, तिची वाट पाहता येईल. उजनीचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या शिळेला मात्र वाट पाहता येत नाही. तिची नोंद त्याच उन्हाळ्यात झाली पाहिजे.